रागाची चतुःसीमा

मामा, तुमच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जण खोटं बोलले. मुद्दाम नाही, पण खोटंच. "नगराळे जमादारांना राग आलेला आम्ही कधी पाहिला नाही," हे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितलं. मी मामींच्या शेजारी बसले होते. तिसऱ्या माणसानेही तेच सुरू केलं तेव्हा मामींनी माझ्या मांडीला चिमटा काढला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "यायले राग येत नव्हता म्हंतेत! माह्या बहिणीच्या लग्नात वाढलेलं ताट फेकलं होतं यायनं. वरणासकट."

मी हसले. अंगात खाकी, समोर तुमचा हार घातलेला फोटो, आणि मी हसले. आवरताच येईना. मामीही पदरात तोंड घालून हसत होत्या आणि मागच्या बायकांना वाटलं आम्ही रडतोय. त्यांनी आमच्या पाठीवरून हात फिरवले.

तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे. या सुट्टीवरून आपण दोघं किती भांडलो ते या कागदाला ठाऊक नाही, म्हणून तुमच्या घरी येऊन त्याला सांगायला बसले आहे. तुम्ही ऐकत असाल तर मध्ये बोलू नका. तुमची ती सवय वाईट होती.

पोलिसांना सगळं जग मामा म्हणतं. बसस्टँडवरचा पानवाला म्हणतो, दारू पिऊन आडवा झालेला म्हणतो, शाळेतली पोरं तर पळता पळता म्हणतात. पण पोलिसांचा मामा आमच्या ठाण्यात एकच होता. आमच्याकडे हवालदाराला जमादार म्हणतात, म्हणून साहेबांसाठी तुम्ही नगराळे जमादार होतात. बाकी सगळ्यांसाठी मामा. मी नवीन बदलून आले तेव्हा तुम्ही ठाण्याच्या मागे, जप्त केलेल्या ऑटोच्या मागच्या सीटवर बसून चहा पीत होतात. त्या ऑटोला चाकं नव्हती. आजूबाजूला गंजलेल्या मोटारसायकली, त्यांच्यातून उगवलेली बाभळ. तुम्ही मला पाहून सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "बस पोरी. मुद्देमाल हाय, कुठी जात नाही."

तेव्हा माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. आधीच्या ठाण्यात असताना बसस्टँडवर एका इसमाने पोरींची वाट अडवली, समज दिली तर उलट बोलला, आणि मी त्याला थोबाडीत दिली. मी डावखुरी. डाव्या हाताची थप्पड येते कुठून ते समोरच्याला कळत नाही, त्यामुळे चुकवताही येत नाही. त्याची तक्रार झाली. इथल्या ठाणेदार साहेबांनी समोर उभं करून सांगितलं की आणखी एक तक्रार आली की घरी बसायचं. घर म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. आई, मी आणि सहा वर्षांची गुड्डी. खाकी गेली असती तर आमचं पोलीस लाइनीतलं क्वार्टरही गेलं असतं.

आणि वर्षं कसली होती! कापसाची ती वाईट वर्षं. पेपरवाले, पुढारी, मोठमोठ्या गाड्या यायच्या आणि आपल्याकडे काय चाललंय ते आपल्यालाच सांगून जायच्या. आपल्या वाट्याला दोनच कामं. रास्ता रोकोचा बंदोबस्त, आणि मर्ग, म्हणजे कुणा शेतकऱ्याने जीव दिला की त्याची चौकशी. गावातून फोन आला की जीप निघायची, आणि महिला शिपाई एकच असल्यामुळे घरातल्या बायकांजवळ बसायला मी. बाहेर तुम्ही पंचनामा लिहायचात आणि आत मी त्या बाईचा हात धरून बसायची. काय बोलायचं असतं ते ट्रेनिंगला कुणी शिकवलं नव्हतं. परत आलं की कपडे बदलायचे आणि संध्याकाळी आठवडी बाजाराचा बंदोबस्त. हे सगळं कुठे जात होतं माझ्या आत, मला माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं.

एक दिवस दुपारी घरी जेवायला गेले. गुड्डी पाटीवर काहीतरी काढत बसली होती, तिचा पाय लागून पाण्याचा तांब्या माझ्या ताटात कलंडला. बस्स, एवढंच. मी हात उचलला. मारला नाही, नुसता उचलला. आणि त्या पोरीने काय केलं मामा, पाटी तोंडासमोर धरली. इतक्या सवयीने धरली की मला कळलं, ही पहिली वेळ नाही. आई चुलीपाशी बसली होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

त्या दिवशी चार वाजता मी ऑटोत येऊन बसले आणि तुम्हाला हे सांगितलं. रडत नव्हते, रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं. तुम्ही मान हलवली, चहा पूर्ण प्यालात, आत गेलात आणि एक कोरा कागद आणि त्याच्याखाली धरायची तुमची काचेची पाटी घेऊन आलात.

"पंचनामा लिही."

"कशाचा?"

"रागाचा. घटनास्थळ पंचनामा. येते नं लिहिता? का ट्रेनिंगले झोपा काढल्या?"

मला वाटलं थट्टा करताय. तुमचं तोंड बघून थट्टा आहे की नाही हे कुणाला कधी कळलं? तुम्ही सांगत गेलात. राग कुठे मिळून आला ते लिही. डोक्यात म्हणू नको, राग डोक्यात कधीच मिळत नाही, नीट झडती घे. मी शोधलं. जबड्यात होता. डाव्या खांद्यातही होता. "लिही. किती वाजता मिळून आला, कोण्या अवस्थेत, गरम का थंड. आता चतुःसीमा सांग."

कुठल्याही पंचनाम्यात चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचं घर. हजारदा लिहिलेली गोष्ट. पण रागाच्या पूर्वेला काय आहे, असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी पेनाचं टोपण चावलं. मग लिहिलं: पूर्वेस भूक. पश्चिमेस कालची झोप न झालेली. दक्षिणेस सकाळी साहेब बोलले ते. उत्तरेस मर्ग.

तुम्ही वाचलं. "पोट्टी कोण्या बाजूले हाय?"

गुड्डी कुठल्याच बाजूला नव्हती.

त्या क्षणी मी रडले, आणि तुम्ही उठून विनाकारण एका मोटारसायकलचा नंबर तपासायला गेलात.

मग पंचांचं प्रकरण. दोन पंच हजर नसतील तर पंचनामा सुरूच करायचा नाही, हा तुमचा नियम. मी आपली हुशारी दाखवून लिहिलं, पंच क्रमांक एक जबडा, पंच क्रमांक दोन डावा हात. तुम्ही कपाळाला हात लावला. "अवं बाई, आरोपीलेच पंच केलं काय तू? कोर्टात टिकन काय हे?" पंच म्हणजे नाक आणि पोट. तटस्थ, भांडणाशी संबंध नसलेले. नाकाने श्वास घ्यायचा, पोटाला तो पोचल्याची खबर द्यायची, आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. पंच पळकुटे असतात, पुन्हा पकडून आणायचे. सहादा दोघं हजर झाले की मग पेन उचलायचं. तोवर अर्धा आरोपी फरार झालेला असतो, असं तुम्ही म्हणायचात.

हे कुठून शिकलात विचारलं तर म्हणालात, लहानपणी आई दर रविवारी बुद्धविहारात घेऊन जायची, श्वासाकडे बघत बस म्हणायची. "मी थे काही शिकलो नाही. मी बसल्या बसल्या घोरायले शिकलो. पण बुढीचं अर्धं कानात राह्यलं." ठाण्यात ध्यान हा शब्द काढला असता तर पोरांनी तुम्हाला महाराज करून टाकलं असतं. पंचनामा म्हटल्यावर कोण हसणार? ते तर रोजचं काम.

आणि शेवटचा नियम. लिहून झालं की कागद चहाच्या चुलीत. मागच्या शेडमध्ये कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर चहा व्हायचा, तिथे तुम्ही स्वतः कागद घालायचात आणि गंभीर आवाजात म्हणायचात, "मुद्देमाल नष्ट. तपास बंद." मग आपल्या रागावर उकळलेला चहा आपणच प्यायचा.

हळूहळू अख्खं ठाणं त्या ऑटोत यायला लागलं. मदतनीस कारकून यायचा, जीपचा ड्रायव्हर यायचा. ड्रायव्हरच्या रागाच्या चारही बाजूंना जीपच असायची. ठाण्यातली भाषाच बदलली. कुणी आवाज चढवला की दुसरा विचारायचा, "पंच कुठी हायेत तुहे?" आणि चढलेला माणूस आधी चिडायचा, मग नाकाने श्वास घ्यायचा. गुड्डीला पण मी शिकवलं. ती सहा वर्षांची, तिला चतुःसीमा म्हणता येईना, ती म्हणायची चतूरसीमा. एकदा माझा आवाज वाढला तर पाटी तोंडासमोर न धरता तिने पाटीवर चौकोन काढला आणि मला विचारलं, "आई, पूर्वेले काय हाय?" त्या दिवशी मी तुमच्यासाठी पावशेर जिलेबी आणली होती. तुम्ही कारण विचारलं तेव्हा सांगितलं नाही. आता सांगितलं.

आता भांडणाकडे येते. ते सुरू झालं कापूस खरेदी केंद्रावरून.

तीन दिवस वजनाचा काटा बंद होता आणि फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत कापसाच्या बैलबंड्या उभ्या होत्या. तुम्ही त्या दिवशी कोर्टात समन्सच्या कामाला, मी बंदोबस्तात. चौथ्या दिवशी सकाळी दहाबारा पोरं फाटक गदगदा हलवायला लागली आणि साहेबांनी काठ्या हातात घ्यायला सांगितल्या. कुणीतरी माझ्या टोपीवर ढेकूळ मारलं. मामा, माझा डावा हात खांद्याच्या वर गेला होता. काठीसकट. समोर एक पोरगं होतं, वीसेक वर्षांचं, त्याने तोंडासमोर कोपर धरलं. अगदी पाटी धरल्यासारखं.

मी तिथेच उभ्या उभ्या पंच बोलावले. मोठ्याने बोलावले असावेत, कारण जवळच्या बंडीवर कापसाच्या ढिगावर बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "काय वं पोलीसबाई, कोणाले शिव्या देऊन राह्यली तोंडातल्या तोंडात?"

"शिव्या नाही आजी. राग लिहून राह्यली."

"मंग माहाबी लिही."

मी खिशातली वही काढली. का काढली मला अजून सांगता येत नाही. म्हातारी सांगायला लागली आणि चतुःसीमा तिला समजवावी लागली नाही, शेतवाली बाई होती. "पूर्वेले तो ग्रेडर लिही, माह्या सुक्या कापसाले ओला म्हंते. पश्चिमेले माहा पोरगा लिही. म्हने, आई तू कायले जातं, मी जातो केंद्रावर, आन गेला उमरखेडले लग्नात जेवाले. दक्षिणेले ऊन. उत्तरेले... थांब, उत्तरेले तूच लिही. काठी घेऊन उभी हायेस नं." बाजूचे लोक हसले. फाटक हलवणारा एक जण वळून म्हणाला, "बाई, माहं लिही." त्याच्यामागे दुसरा. मी काठी काखेत धरून लिहीत सुटले. कुणाला शिळ्या भाकरीचा राग होता, कुणाला बैलाचा, बहुतेकांना काट्याचा. कुणाला पंच सांगायची गरज पडली नाही, माणूस बोलायला लागला की श्वास आपोआप खाली येतो. साहेब लांबून बघत होते आणि त्यांना वाटलं मी सगळ्यांची नावं घेतेय गुन्हा दाखल करायला.

लिहून झाल्यावर म्हातारीने विचारलं, "आता हे कागद कुठी जाते?"

"चुलीत, आजी."

"चुलीत? बाप्पा! चुलीत घालाले माह्या घरी पऱ्हाट्या बम हायेत. कागद त्याले दे, ज्याच्या हातात काटा हाय."

मी कागद आत नेऊन केंद्राच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवले. दुपारी काटा सुरू झाला. कागदांमुळे झाला असं मी म्हणणार नाही, वरून फोनही आला होता म्हणतात. पण म्हातारीने बंडी आत नेताना माझ्याकडे अशी मान उडवली की जणू तिनेच सुरू केला.

दुसऱ्या दिवशी मी ऑटोत येऊन तुम्हाला म्हटलं, मामा, आजीचं बरोबर आहे. राग चुलीत घालून काटा सुरू होत नाही. तुम्ही म्हणालात, राग आपला, दुसऱ्याच्या टेबलावर ठेवू नये. मी म्हटलं, मी श्वास घेऊन घेऊन बारा तासांची ड्युटी अठरा तास करते, मग या शहाणपणाचा फायदा कुणाला? माझ्या रागाच्या पूर्वेला भूक आहे आणि पश्चिमेला झोप. ही माझी कमजोरी नाही, हा ड्युटीचा तक्ता आहे. तो तक्ता साहेबांच्या टेबलावर असतो, माझ्या पोटात नाही.

तुम्ही चिडलात. हो, चिडलात! शोकसभेतल्या पाचांना सांगायला हवं होतं. कपबशी आपटून म्हणालात, "पोरी, कागद वर गेला का खाली येताना एका माणसाले घेऊन येते. मी पाह्यले हायेत असे माणसं." मग जरा खालच्या आवाजात, "आधी पंच, मंग पंचनामा. घाई नोको करू." हे तुमचं वाक्य म्हणजे भांडणाचा शेवट. प्रत्येक वेळी याच वाक्याने तुम्ही पळून जायचात.

त्याच महिन्यात गुड्डीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. ती नाचात होती. तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी, हे मला पाठ होतं. मी सुट्टीचा अर्ज चार वेळा दिला आणि चार वेळा तो नामंजूर झाला. तिसऱ्या वेळी मी जबड्यातला राग शोधला, पंच बोलावले, लिहिला, जाळला. चौथ्या वेळी लिहिला आणि जाळला नाही.

दोन दिवसांनी उपविभागाचे मोठे साहेब दप्तर तपासायला येणार होते. एका सायकल चोरीची फाईल माझ्याकडे होती. तपासणीत ते नेमकी कुठली फाईल मागवतील याचा नेम नसतो, पण जप्तीचे कागद ते बघतातच. मी माझा कागद जप्ती पंचनामा आणि फिर्यादीचा जबाब यांच्या मध्ये लावला.

मोठ्या साहेबांनी फाईल चाळली आणि थांबले. मग मोठ्याने वाचायला लागले. "आज रोजी पंच नामे नाक व पोट यांचे समक्ष, सदर राग हा महिला शिपाई यांचे डाव्या जबड्यात गरम अवस्थेत मिळून आला. चतुःसीमा. पूर्वेस सलग ड्युटी. पश्चिमेस चार नामंजूर अर्ज. दक्षिणेस ठाणेदार साहेबांचे 'पोलिसाला कसलं संमेलन' हे वाक्य. उत्तरेस मुलगी, तिसऱ्या रांगेत."

ठाणेदार साहेबांचे कान लाल झाले. मी पुढे पाऊल टाकलं. खरंच टाकलं होतं मामा. पण तुम्ही आधी बोललात. "साहेब, हा माहा कागद हाय. मी नमुना म्हणून बाईकडून लिहून घेतला. फायलीत चुकून माह्याच हातानं लागला. टाचणी माही."

"नमुना? कशाचा नमुना?" मोठ्या साहेबांनी विचारलं. तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत, ऑटो, पंच, चूल. सांगताना तुम्ही सावधानमध्ये उभे होतात. त्यांनी विचारलं, "आणि पंचनाम्यानंतर या रागाचं काय करता?" तुम्ही म्हणालात, "समजपत्र देऊन सोडून देतो साहेब. पुन्हा हजर राहीन असं लिहून घेतो."

मोठे साहेब हसले. आधी ओठ दाबून, मग टेबलावर हात आपटून. तेव्हा ठाणेदार साहेबांनाही हसावं लागलं. पण कायदा कायदा असतो. पुराव्याच्या फाईलीत खाजगी कागद लागल्याबद्दल तुमच्या सेवापुस्तकात ताकीद आली. पहिली आणि शेवटची. मी तुम्हाला तोंड दाखवत नव्हते, तर तुम्हीच येऊन म्हणालात, "सेवापुस्तक लई कोरं होतं पोरी. नजर लागली असती."

त्याच दिवशी मला सुट्टी मंजूर झाली, आणि आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीने प्रत्येकाला रजा द्यायची असं मोठ्या साहेबांनी लिहून दिलं. ती पाळी अधूनमधून मोडायची, पण होती. मी स्नेहसंमेलनाला गेले. गुड्डी नाच विसरली आणि रंगमंचावरून मला हात करत उभी राहिली. बाई तिला आतून खुणावत होत्या, ती हातच करत होती. मीही करत होते. दोघींनी मिळून त्या नाचाचा बोजवारा उडवला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या साहेबांनी तुम्हाला दर मंगळवारी दुसऱ्या ठाण्यांना रागाचा पंचनामा शिकवायला पाठवायला सुरुवात केली. कळंबला गेलात, उमरखेडला गेलात. वणीला तर तुम्ही जिंकून आलात. तिथल्या एका शिपायाने लिहिलं होतं, पूर्वेस कोळसा, पश्चिमेस कोळसा, दक्षिणेस कोळसा, उत्तरेस नाकात कोळसा, पंच क्रमांक एक हजर राहू शकत नाही. तुम्ही तो कागद चुलीत घातला नाहीत, खिशात घालून आणलात आणि आठवडाभर सगळ्यांना वाचून दाखवलात. स्वतःचा नियम स्वतःच मोडलात. मी काही बोलले नाही तेव्हा.

कारण माझ्याकडे बोलायला तोंडच नव्हतं. टाचणी माझी होती. ती चूक नव्हती, मामा. तुम्हाला वाटलं पोरीच्या हातून घाईत कागद लागला, म्हणून तुम्ही तो अंगावर घेतलात, आणि मी इतकी वर्षं तुम्हाला तसंच वाटू दिलं. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी सांगणार होते. तुम्ही भाषणात म्हणालात, "माह्या सेवेत एकच ताकीद हाय, थेबी प्रेमाची." मग कसं सांगणार? मागच्या महिन्यात दवाखान्यात आले होते तेव्हाही सांगणार होते. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, पोटावर हात. मला वाटलं झोपलात. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पंच क्रमांक दोन बरोबर काम करून राह्यला. एक नंबरले ऑक्सिजन लावला हाय." मी हसले आणि पुन्हा राहून गेलं.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. माणसं पांगल्यावर मामींनी मला आत बोलावलं. मला एक गोष्ट सांगितली त्यांनी. तुम्ही ड्युटीवरून आलात की फाटकाच्या बाहेर सायकल धरून उभे राहायचात, रोज, पाचसात मिनिटं. मामी आधी घाबरायच्या, छातीत दुखतं की काय म्हणून. मग त्यांना समजलं की हे पंच बोलावणं आहे. "अख्ख्या ठाण्याचा राग बाहेरच ठेवून येत होते," त्या म्हणाल्या. "ताट फेकलं त्यानंतर सुरू केलं होतं यायनं."

मग त्यांनी तुमच्या ट्रंकेतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "सुनंदाले देजो म्हणून सांगतलं होतं. मी गेल्यावर देजो म्हणे, पहिले देशीन तं भांडाले येईन."

माझाच कागद. सायकल चोरीच्या फाईलीतला. मोठ्या साहेबांकडून तुम्ही तो परत मागून घेतला असणार. मागच्या बाजूला तुमचं अक्षर, ते तिरकं, सरकारी:

"सदर कागदास दोन टाचण्या मिळून आल्या. नजरचुकीने लागलेल्या कागदास कोणी दोन टाचण्या लावीत नाही. टाचण्या डाव्या हाताने लावल्याचे दिसते. ठाण्यात डावखुरी व्यक्ती एकच. गुन्हा हेतुपुरस्सर. फिर्याद नाही. बाईचे बरोबर होते."

खाली सही आणि तारीख. तारीख तपासणीच्या दिवसाचीच.

म्हणजे त्याच दिवशी तुम्हाला माहीत होतं. आणि त्यानंतरही इतकी वर्षं दर भांडणात तुम्ही "आधी पंच, मंग पंचनामा" म्हणत पळून गेलात! मला एकदाही जिंकू दिलं नाहीत. मामी बाजूला उभ्या होत्या, मी हसत होते आणि रडत होते आणि मला तुमचा असा राग आला, मामा, असा राग आला की पंच बोलवायला बसावं लागलं.

लिहितेय बघा. राग मिळून आला गळ्यात. अवस्था गरम, ओला. पूर्वेस तुमची रिकामी खुर्ची. पश्चिमेस मामी, चहा टाकताहेत. दक्षिणेस गुड्डीचा फोन, ती पुण्याहून विचारतेय, आई, पंच हजर आहेत का. उत्तरेस तुम्ही.

हा कागद चुलीत जाणार नाही. तुमच्या कागदाला जोडून ठेवते आहे. डाव्या हाताने, दोन टाचण्या लावून.